अंदाजपंचे प्रोसेसर: शेअर्ड सर्व्हरवर सिक्युरिटी ठेवायची का स्पीड?

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक मेसेज फिरतो, की कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, बूट ओळीत 'मिटिगेशन्स इक्वल टू ऑफ' एवढं टाका, रीस्टार्ट मारा, आणि बघा सर्व्हर कसा पळतो. खाली लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो जबरदस्त, आमचा डेटाबेस सुधारला. दुसरा म्हणतो वेडे झालात का, सगळा डेटा उघडा पडेल. आणि मधल्यामध्ये अंधेरीच्या एखाद्या छोट्या कंपनीतला मुलगा, ज्याला खरं तर वेबसाईट बनवायला घेतलं होतं आणि सर्व्हर सांभाळायचं काम आपसूक गळ्यात पडलंय, तो विचारतो की नक्की करू काय? त्याला धड उत्तर कोणीच देत नाही.

तर हे त्याच्यासाठी, आणि ज्यांना हा वाद कसला आहे तेच कळत नाही त्यांच्यासाठीही. माझं मत आधीच सांगून टाकतो: मिटिगेशन, म्हणजे प्रोसेसरमधल्या लोच्यावरचे हे सुरक्षेचे तोडगे, चालू ठेवायचे का बंद, ते तुमच्या प्रोसेसरवर शेजारी कोण बसलंय त्यावरून ठरतं. ते माहीत नसताना बंद करणं येडेपणा, आणि ते माहीत असून भीतीपोटी सगळंच चालू ठेवणं म्हणजे फुकटचा भुर्दंड.

आधी मिटिगेशन म्हणजे काय ते. प्रोसेसरच्या डिझाईनमध्येच एक लोचा निघाला, चिप तर बाहेर पडलेली, करोडो लोकांकडे पोचलेली, ती काही परत बोलावता येत नाही, मग सॉफ्टवेअरमधून त्याला वळसा घालायचा. तो वळसा म्हणजे मिटिगेशन. आणि वळसा घेतला की वेळ लागतो.

## प्रोसेसरला एवढी घाई कसली?

प्रोसेसर भयंकर फास्ट आहे आणि मेमरी त्या मानाने जाम स्लो. प्रोसेसरच्या पोटातच एक छोटीशी मेमरी असते, तिला कॅश म्हणतात, तिथली वस्तू चार-पाच टिक्यांत, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांत, हातात येते. तीच वस्तू बाहेरच्या रॅममधून आणायची तर दोनशेच्या वर टिक्या जातात. आता प्रोग्राममध्ये लिहिलंय की बॅलन्स पुरेसा असेल तर हे कर नाहीतर ते कर, आणि बॅलन्सचा आकडा रॅममध्ये आहे. तो येईपर्यंत दोनशे टिक्या नुसतं बसून राहायचं? नाही परवडत. म्हणून प्रोसेसर अंदाज मारतो, की मागच्या शंभर वेळा बॅलन्स पुरेसा होता, आताही असणार, आणि पुढचं काम सुरू करून टाकतो. याला म्हणायचं स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशन. मी आपलं अंदाजपंचे काम म्हणतो.

माटुंग्याच्या एखाद्या जुन्या उडुपी हॉटेलात सकाळी गेलात तर हेच दिसेल. रोजचं गिऱ्हाईक दारात दिसलं की वेटर टेबलाशी यायच्या आधीच आत ओरडतो, एक इडली-वडा, एक फिल्टर कॉफी. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतं. दहाव्या वेळी माणूस म्हणतो आज उपास आहे, मग ती प्लेट आतल्या आत परत जाते, बिलात येत नाही, विषय संपला. प्रोसेसरचंही तसंच, अंदाज चुकला की केलेलं सगळं काम पुसून टाकतो आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे जातो. इंटेलच्या पेंटियम प्रोपासून, म्हणजे १९९५ पासून, हे साध्या पीसीमध्येही आलं आणि आज तुमच्या मोबाईलपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत जवळजवळ सगळीकडे आहे. ते काढून टाकलं तर प्रोसेसर इतका मंदावेल की कोणी हात लावणार नाही.

## मग लोचा कुठे झाला?

प्लेट परत गेली खरी, पण आत तवा तापलेला राहिला ना.

समजा मालकाच्या गल्ल्यात एक चिठ्ठी आहे, तिच्यावर एक गुप्त नंबर. मी वेटरला सांगतो, त्या चिठ्ठीवर जो नंबर आहे ना, मेनूतली त्या नंबरची डिश आण. वेटर घाईचा, त्याने चिठ्ठी बघितली, आत ओरडला "बेचाळीस नंबर लाव". तेवढ्यात मालकाचं लक्ष गेलं, "अरे तो कोण, त्याला कशाला गल्ल्यातलं सांगतोस?" ऑर्डर कॅन्सल. मला कोणी काही बोललं नाही, डिश मिळाली नाही, नंबरही कळला नाही. मग मी घड्याळ लावून बसतो आणि मेनूतली एकेक डिश मागवतो. सगळ्यांना दहा मिनिटं लागतात, बेचाळीस नंबरची मात्र एका मिनिटात समोर. झालं, चिठ्ठीवर काय होतं ते कळलं.

मेल्टडाऊन नावाचा हल्ला अगदी असाच चालतो. मेमरीतल्या एका बाईटच्या किमती असतात २५६. हल्ला करणारा प्रोग्राम स्वतःच्या मेमरीत २५६ पानं मोकळी ठेवतो, एकही पान कॅशमध्ये नाही याची खात्री करतो, मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे कर्नलच्या, राखीव मेमरीतला एक बाईट मागतो आणि त्या बाईटच्या नंबरचं पान उघड असं सांगतो. परवानगी नाही हे प्रोसेसरला कळायच्या आत अंदाजपंचे कामात ते पान कॅशमध्ये येऊन बसतं. परवानगी नाकारली जाते, उत्तर पुसलं जातं, पण कॅश कोणी पुसत नाही. आता २५६ पानं एकेक वाचून वेळ मोजायचा, जे झटकन आलं तो तुमचा चोरलेला बाईट. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आत होतं, आणि शोधणाऱ्यांनी दाखवलेला वेग होता सेकंदाला ५०३ किलोबाईटपर्यंत.

स्पेक्टर हा त्याचा भाऊ, जास्त चिवट. त्यात दुसऱ्याच्याच प्रोग्रामला चुकीचा अंदाज मारायला शिकवायचं, म्हणजे चोरीची वस्तू तोच उचलतो, आपण फक्त घड्याळ बघायचं. गूगलचा यान हॉर्न, सिक्युरिटी संशोधक पॉल कोचर, ऑस्ट्रियाच्या ग्राझ टेक्निकल युनिव्हर्सिटीची टीम आणि आणखी काही लोक, स्वतंत्रपणे याच जागी पोचले. इंटेलला २०१७ च्या जूनमध्ये कळवलं गेलं आणि जगाला कळलं ३ जानेवारी २०१८ ला. ठरलेली तारीख खरं तर ९ जानेवारी होती, पण लिनक्समधले घाईघाईचे बदल बघून लोकांनी आधीच वास घेतला.

मला यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट वाटते ती ही, की कोणाचा कोड चुकला नव्हता. प्रोसेसर त्याच्या मॅन्युअलप्रमाणेच वागत होता. फक्त मॅन्युअलमध्ये किती वेळ लागतो हे कोणी गुपित म्हणून धरलंच नव्हतं.

## माझ्या घरच्या लॅपटॉपला काय त्याचं? शेअर्ड सर्व्हरचंच एवढं टेन्शन का?

कारण हल्ला करायला त्याच प्रोसेसरवर आपला कोड चालवता यायला लागतो. घरी तो ब्राउझरमधून येऊ शकतो, कोणत्याही साईटची जावास्क्रिप्ट म्हणजे अनोळखी माणसाचा कोडच, म्हणून तर २०१८ मध्ये ब्राउझरवाल्यांनी पटापट घड्याळाची अचूकता कमी केली आणि क्रोमने प्रत्येक साईट वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकायला सुरुवात केली. पण क्लाउडवर काय आहे, तिथे अनोळखी माणसाला कोड चालवायला देणं हाच धंदा आहे. शंभर-दोनशे रुपयांत कोणीही मशीन भाड्याने घेतो.

क्लाउड म्हणजे वर आकाशात काही नाही. आपल्याकडचा बराचसा क्लाउड खाडीपलीकडे आहे, ठाणे-बेलापूर रोडवर ऐरोली, रबाळे, महापे इकडे, थोडा चांदिवली-पवईकडे. अमेझॉनने मुंबई रीजन २०१६ ला सुरू केला, गूगलने २०१७ ला, आणि एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा म्हटल्यावर तर त्या पट्ट्याला आणखी महत्त्व आलं. त्यातल्या एका सर्व्हरमध्ये समजा ६४ कोअर आहेत, कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा प्रोसेसरचा एक भाग, आणि त्या सर्व्हरचे तुकडे करून वीस-पंचवीस जणांना भाड्याने दिलेत. प्रत्येकाला वाटतं आपलं मशीन वेगळं. मेमरी वेगळी दिसते, डिस्क वेगळी दिसते. कॅश मात्र एकच. अंदाज बांधणारी यंत्रणाही त्याच कोअरची, आधी तुमच्या शेजाऱ्याने वापरली, मग तुम्ही. हे लोकांना २०१८ ला कळलं असंही नाही, क्लाउडवर मुद्दाम एखाद्याच्याच सर्व्हरवर जागा मिळवून कॅशमधून कानोसा घेता येतो हे २००९ मध्येच संशोधकांनी अमेझॉनवर दाखवलं होतं. तेव्हा बहुतेकांनी 'थिअरी आहे' म्हणून सोडून दिलं.

## हायपर-थ्रेडिंगचा झोल

यावर जरा थांबतो, कारण वेग आणि सुरक्षा यांची खरी मारामारी इथे आहे.

एका कोअरवर दोन कामं एकाच वेळी चालवायची, एक जण मेमरीची वाट बघत असेल तर दुसऱ्याने तेवढ्यात हात चालवून घ्यायचा, याला इंटेल हायपर-थ्रेडिंग म्हणतं आणि बाकी दुनिया एसएमटी. २००२ ला आलं तेव्हा इंटेलने ३० टक्क्यांपर्यंत फायदा सांगितला होता. क्लाउडवाल्यांसाठी ही लॉटरीच, ६४ कोअरचे १२८ करून विकता येतात. तुम्ही जो 'व्हीसीपीयू' विकत घेता तो बऱ्याचदा हा अर्धा कोअर असतो.

माटुंग्याच्या त्याच हॉटेलात गर्दीच्या वेळी तुमच्या टेबलावर अनोळखी माणूस बसवतात ना, तसं. चटणीची वाटी एक, पाण्याचा जग एक. आता कोण काय खातंय हे कळायला हेरगिरी लागतच नाही. एका कोअरवरच्या दोन कामांची सगळ्यात आतली कॅश एक, मधले छोटे बफर एक, आणि तेही त्याच क्षणी. २००५ मध्ये कॉलिन पर्सिव्हलने दाखवलं होतं की शेजारच्या थ्रेडवर, म्हणजे त्याच कोअरच्या दुसऱ्या अर्ध्यावर, बसून दुसऱ्याची एनक्रिप्शनची किल्ली हळूहळू काढता येते. मग २०१८ च्या ऑगस्टमध्ये फोरशॅडो नावाचा हल्ला आला, २०१९ च्या मेमध्ये झोम्बीलोड आणि त्याची भावंडं आली, आणि या दोन्हींना शेअर्ड मशीनवर पुरतं बंद करायचं तर हायपर-थ्रेडिंग बंद करा, किंवा निदान दोन अनोळखी लोकांना एका कोअरवर बसवू नका, एवढाच मार्ग उरला.

इथे प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे निर्णय घेतला. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे मुळातच कडक सोवळ्याचे, त्यांनी जून २०१८ मध्येच इंटेलवर ते बंद करून टाकलं. गूगलने क्रोमबुकवर २०१९ ला बंद केलं. ॲपलने मॅकवर बंद करायची सोय दिली आणि सोबत सांगितलं की वेग ४० टक्क्यांपर्यंत पडू शकतो, म्हणजे ज्याला खरंच गरज असेल त्यानेच हात लावावा. मोठ्या क्लाउडवाल्यांनी तिसरा रस्ता धरला: हायपर-थ्रेडिंग चालू, पण एका कोअरचे दोन्ही अर्धे एकाच गिऱ्हाईकाला. अमेझॉनच्या नायट्रो सिस्टिमच्या कागदपत्रांत हेच लिहिलंय, अपवाद फक्त 'टी' सिरीजच्या स्वस्त मशीनचा, तिथे कोअर आळीपाळीने वाटून वापरला जातो. लिनक्समध्येही २०२१ ला ५.१४ मध्ये कोअर शेड्युलिंग नावाची सोय आली, तुम्ही कामांना शिक्के मारायचे आणि एक शिक्का असलेलीच कामं एका कोअरवर बसतात. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा तोडगा हाच, कारण तो सगळ्यांना सारखा दंड लावत नाही.

## किती पडतो वेग? एक आकडा सांगा की

एक आकडा नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मेल्टडाऊनचा तोडगा घ्या. कर्नलचं मेमरीचं नकाशापुस्तक आणि प्रोग्रामचं नकाशापुस्तक वेगळं केलं. आता प्रोग्रामने कर्नलकडे काही मागितलं, फाईल वाच, नेटवर्कवर पाठव, की दर वेळी नकाशा बदलायचा, काम झालं की परत बदलायचा. म्हणजे तुमचा प्रोग्राम कर्नलकडे किती वेळा जातो त्यावर दंड ठरतो. व्हिडिओ एन्कोड करणारा, गणितं करणारा प्रोग्राम कर्नलला फारसा त्रास देत नाही, त्याला कळतही नाही. डेटाबेस, किंवा सेकंदाला हजारो छोट्या रिक्वेस्ट घेणारा सर्व्हर, तो सतत कर्नलच्या दारात उभा, त्याला दणका बसतो. नेटफ्लिक्समध्ये तेव्हा ब्रेंडन ग्रेगने त्यांच्या सिस्टिमवर अंदाज बांधला होता ०.१ ते ६ टक्के. बघा, एकाच कंपनीत साठ पटीचा फरक.

नंतरच्या तोडग्यांचे आकडे जास्त टोचणारे आहेत. २०२२ च्या रेटब्लीड हल्ल्याच्या तोडग्याला झुरिकच्या ईटीएच युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मोजलेला दंड एएमडीच्या चिपवर १४ टक्के आणि इंटेलच्या चिपवर ३९ टक्क्यांपर्यंत. २०२३ च्या डाऊनफॉलसाठी इंटेलने स्वतः सांगितलं की काही ठराविक कामांत ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे जी कामं एका विशिष्ट प्रकारच्या सूचना खूप वापरतात तीच, बाकीच्यांना फारसं काही नाही. दुसऱ्या टोकाला २०२५ च्या सप्टेंबरमधला व्हीएमस्केप, ज्यात भाड्याचं मशीन खालच्या मूळ सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधून गुपितं काढू शकतं, तो शेअर्ड सर्व्हरसाठी दखल घेण्यासारखा गंभीर, पण तोडगा साधारण कामांत एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे धोका मोठा म्हणून दंड मोठा असंही गणित नाही.

आणि कधीकधी तोडगाच अति होतो. २०१८ च्या शेवटी लिनक्स ४.२० मध्ये शेजारच्या थ्रेडपासून वाचवणारा एक तोडगा सगळ्यांना सरसकट लावला, काही कामं निम्म्यावर आली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने जाहीर हरकत घेतली, की ज्यांना एवढी भीती आहे ते हायपर-थ्रेडिंग आधीच बंद करून बसलेत, मग बाकीच्यांना शिक्षा कशाला? मग तो तोडगा मागेल त्यालाच असा केला. २०२५ मध्ये उबुंटू आणि इंटेलनेही ग्राफिक्स चिपवरच्या गणनेच्या सॉफ्टवेअरमधले तोडगे काढले, कारण खाली कर्नलमध्ये तेच संरक्षण होतं, वर परत कशाला, आणि वेग २० टक्क्यांपर्यंत वाढतो असं सांगितलं. म्हणजे 'तोडगा काढणारा तो बेजबाबदार' ही ओरडही नेहमी खरी नसते.

## पण खरंच कोणी असा डेटा चोरलाय का?

हा सगळ्यात जोरदार आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सात-आठ वर्षं झाली, या मार्गाने एखादी बँक लुटली, एखादा क्लाउड फोडला, असं मोठं प्रकरण जाहीरपणे समोर आलेलं नाही. चोराला सोपे रस्ते भरपूर आहेत, कोणीतरी पासवर्ड शेअर करतोच, कोणीतरी ॲडमिन पॅनेल उघडं टाकतोच. ज्याने सहा महिने अपडेट मारलेलं नाही त्याने स्पेक्टरची चिंता करणं म्हणजे आधी कळस मग पाया.

पण दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हा हल्ला मागे काही ठेवत नाही. लॉगमध्ये काय येणार, एका प्रोग्रामने स्वतःचीच २५६ पानं वाचली? तेव्हा सापडलं नाही म्हणजे झालं नाही, असं छातीठोकपणे कोणाला म्हणता येणार नाही. दुसरं म्हणजे हत्यारं तयार आहेत. २०२१ मध्ये लिनक्सवर खरोखर चालणारं, पासवर्डच्या हॅशच्या फाईलपर्यंत पोचणारं स्पेक्टरचं हत्यार व्हायरसटोटल या संशयास्पद फाईली तपासायच्या साईटवर कोणीतरी अपलोड केलेलं सापडलं. त्याच वर्षी गूगलने स्वतः एक वेबपेज करून दाखवलं, जे क्रोममधून सेकंदाला एक किलोबाईट काढत होतं. एक किलोबाईट ऐकायला हास्यास्पद, पण एनक्रिप्शनची किल्ली असते ३२ बाईटची. व्हीएमस्केपचा वेग एएमडीच्या झेन ४ वर सेकंदाला ३२ बाईट, म्हणजे कुठे बघायचं हे एकदा सापडलं की किल्ली एका सेकंदात. उलट टोकालाही उदाहरण आहे, नेटवर्कवरून लांबून केलेला नेटस्पेक्टर तासाला १५ बिट काढायचा, त्याची झोप उडवून घ्यायची गरज नाही.

## सगळं एनक्रिप्टेड असलं तर?

डिस्कवर एनक्रिप्टेड, वायरवर एनक्रिप्टेड, पण प्रोसेसरला बेरीज करायची असेल तर आकडा उघडाच लागतो, आणि किल्लीही तिथेच असते. नेमकी तीच जागा गळते. यासाठी बंदिस्त खोल्यांची हार्डवेअर सोय निघाली, त्यातली इंटेलची एसजीएक्स फोरशॅडोने फोडली होती. आता मशीनची सगळी मेमरीच एनक्रिप्ट करणारे नवे प्रकार आहेत, एएमडीचा एसईव्ही, इंटेलचा टीडीएक्स, क्लाउडवाल्यावरच विश्वास नसेल तर कामाचे. पण तिथेही कॅश शेअर्डच राहते, त्यामुळे एवढं केलं की सुटलो असं नाही.

## नवीन प्रोसेसर घेतला की मिटलं?

अर्धवट. मेल्टडाऊन, फोरशॅडो ही प्रकरणं नव्या चिपमध्ये मुळातच दुरुस्त झालीत, तिथे तो तोडगा चालतच नाही आणि दंडही नाही, त्यामुळे २०१७ चा जुना सर्व्हर चालवत बसण्यापेक्षा नवा घेणं खूपदा दोन्ही बाजूंनी फायद्याचं. स्पेक्टरचं तसं नाही, अंदाज मारणं हाच त्याचा पाया आणि अंदाज कोणी सोडणार नाही, म्हणून दर एक-दोन वर्षांनी नवं नाव येत राहतं. २०२४ मध्ये इंटेलने लॅपटॉपच्या लुनार लेकमधून हायपर-थ्रेडिंगच काढलं, कारण सांगितलं वीज आणि जागा वाचवण्याचं. सिक्युरिटीवाल्यांना आपसूक फायदा झाला.

## मग माझ्या सर्व्हरवर मी काय करू?

शेजारी मोजा. तुमच्या त्या मशीनवर कोणाकोणाचा कोड चालतो, त्यातल्या कोणावर तुमचा विश्वास नाही, आणि त्याला न मिळावं असं काय तिथे आहे.

ऑफिसात तुमचाच स्वतःचा डेटाबेस सर्व्हर, पूर्ण लोखंड तुमचं, त्यावर फक्त डेटाबेस चालतो, बाहेरचा कोणी लॉगिन करत नाही. इथे हल्लेखोर आत आलाच तर तो डेटाबेसच्या प्रोसेसमधूनच येणार, आणि तिथे आल्यावर त्याला सगळा डेटा तसाही समोर आहे, स्पेक्टरने आणखी काय मिळवणार? इथे मोजून, आधी-नंतरचा वेग तपासून, काही तोडगे बंद केले तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. फरक दोन टक्के निघाला तर मात्र उगाच खाज नको, राहू द्या चालू.

कॉलेजचा सर्व्हर, जिथे दोनशे मुलं लॉगिन करून असाइनमेंट चालवतात, तिथे अजिबात हात लावू नका. अनोळखी कोड, हुशार पोरं, हातात भरपूर वेळ, आणि बाजूलाच मास्तरांची होम डिरेक्टरी. मोठ्या गणितांसाठीच्या क्लस्टरवर एक अख्खं मशीन एका वेळी बऱ्याचदा एकालाच देतात, तिथे गोष्ट वेगळी.

कंटेनर वापरत असाल, डॉकर वगैरे, तर लक्षात घ्या की सगळ्यांचा कर्नल एकच आहे. सगळे कंटेनर तुमच्याच टीमचे असतील तर ठीक. गिऱ्हाईकांचा कोड तुम्ही कंटेनरमध्ये चालवत असाल तर तुम्ही स्वतःच छोटे क्लाउडवाले झालात, आणि तोडगे बंद करायचा विषयच काढू नका.

आणि भाड्याचं मशीन. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो. तुम्ही तुमच्या भाड्याच्या मशीनमध्ये तोडगे बंद केलेत तर तुमच्याच मशीनच्या आतल्या भिंती पडतात, तुमच्या प्रोग्रामपासून तुमच्या कर्नलला असलेलं संरक्षण जातं. शेजाऱ्यापासून तुम्हाला वाचवणं हे मुख्यतः खालच्या मूळ सर्व्हरचं काम, ते क्लाउडवाल्याच्या हातात. म्हणजे तुम्ही सगळं चालू ठेवलं आणि तो ढिसाळ असला तर तुम्ही उघडेच, फक्त स्लो होऊन उघडे. प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतलं छोटं सॉफ्टवेअर, तोही त्यालाच अपडेट करावा लागतो, तुम्हाला आतून करता येत नाही.

बरं, आता 'सगळं चालू किंवा सगळं बंद' असंही राहिलेलं नाही. लिनक्स ६.१७ पासून, हे २०२५ च्या सप्टेंबरात आलं, एएमडीच्या डेव्हिड कॅप्लनने केलेली सोय आहे: कोणापासून कोणाला वाचवायचं ते सांगा. प्रोग्रामपासून कर्नलला, एका प्रोग्रामपासून दुसऱ्याला, भाड्याच्या मशीनपासून मूळ सर्व्हरला, एका भाडेकरूपासून दुसऱ्याला, आणि शेजारच्या थ्रेडपासून. जी भिंत तुमच्याकडे लागत नाही ती काढा, बाकीच्या राहतात. आधी प्रत्येक हल्ल्याचं नाव पाठ करून एकेक बटण शोधावं लागायचं, त्यापेक्षा हे लाख पटीने बरं.

## बघायचं कुठे?

लिनक्सवर 'एलएससीपीयू' कमांड मारा. शेवटी व्हल्नरेबिलिटी म्हणून यादी येते, एकेका हल्ल्यासमोर एक ओळ. 'नॉट अफेक्टेड' म्हणजे तुमच्या चिपला तो लागूच नाही. 'मिटिगेशन' म्हणजे तोडगा चालू, पुढे कोणता तेही लिहिलेलं असतं. नुसतं 'व्हल्नरेबल' दिसलं तर एकतर अपडेट राहिलंय नाहीतर कोणीतरी तो ग्रुपवरचा मेसेज वाचलाय.

भाड्याच्या मशीनवर यातली एमडीएसची ओळ नीट वाचा, म्हणजे झोम्बीलोडच्या कुटुंबाची. जुन्या इंटेल चिपवर तिथे पुढे लिहिलेलं येतं 'एसएमटी होस्ट स्टेट अननोन'. कर्नल प्रामाणिकपणे सांगतोय, की माझ्या बाजूने जेवढं करायचं तेवढं केलं, पण खाली माझ्याच कोअरच्या दुसऱ्या अर्ध्यावर कोणाला बसवलंय ते मला इथून दिसत नाही. ते फक्त प्रोव्हायडरला माहीत. त्याच्या सपोर्टला एक तिकीट टाका, दोनच प्रश्न विचारा: माझ्या प्लॅनमध्ये कोअर डेडिकेटेड आहे का शेअर्ड, आणि एका कोअरचे दोन थ्रेड दोन वेगळ्या गिऱ्हाईकांना कधी देता का? लेखी उत्तर मागा. 'सर अवर सर्व्हर्स आर हंड्रेड पर्सेंट सिक्युअर' एवढंच आलं तर पेमेंटचा डेटा असलेलं मशीन तिथे ठेवू नका, डेडिकेटेड कोअरचा प्लॅन बघा, थोडा महाग पडेल. ब्लॉग किंवा टेस्टिंगचं मशीन असेल तर राहू द्या तिथेच.